भिंतीवरची मांजरं

बाईंच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस आधी वाकायचा. चित्रंच तशी लावलेली होती. एक दारामागे, चपलांच्या स्टँडच्या जरा वर. एक खिडकीच्या चौकटीला चिकटून, गुडघ्याच्या उंचीवर. एक पलंगाच्या पायाशी. आणि एक फ्रिजच्या वर, छताला जवळजवळ टेकलेलं; त्यासाठी मात्र मान मोडून वर बघावं लागे. सगळी जपानी चित्रं आणि सगळ्यांत मांजरं. आपण माणसं जिथे चित्र लावतो, डोळ्यांसमोर, तिथे बाईंची भिंत कोरी होती.

मुलुंड पूर्वेला एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्यांची दोन लहान घरं होती, शेजारीशेजारी. एकात त्या राहत, दुसरं भाड्याने देत. मी ते घर बघायला गेले तेव्हा सवयीप्रमाणे प्रश्न लिहून नेले होते. पाणी किती वाजता येतं, भिंतीला ओल येते का, मेंटेनन्स कोण भरणार. बाईंनी कागद घेतला, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि परत केला.

"हे सगळं सेक्रेटरीला विचार. मला एवढंच सांग, स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवशील?"

"कशासाठी?"

"त्यांचा रस्ता आहे तो."

त्यांचा म्हणजे मांजरांचा. कंपाउंडातून बाईंच्या खिडकीत, तिथून पॅसेजमधून माझ्या ओट्यावर, आणि माझ्या खिडकीतून मागच्या गल्लीत. ही वहिवाट माझ्या आधीची होती. करारात कुठे लिहिलेली नव्हती, पण ती मोडणारा भाडेकरू तिथे अकरा महिने टिकला नसता. मी टिकले. पुढे कितीतरी वर्षं टिकले. ओटा दिवसातून दोनदा जास्त पुसायचा, दूध झाकून वर वजन ठेवायचं, एवढी शिस्त लावून घेतली की झालं.

त्या पहिल्या दिवशी चपलांच्या स्टँडवर एक तिरंगी मांजर बसली होती. पांढरी, पाठीवर तांबूस ठिगळ, एका कानावर काळा डाग, शेपूट आखूड आणि टोकाशी मुडपलेली. बाईंनी नाव सांगितलं, करंजी. त्यांच्या मांजरांची नावं फराळाच्या ताटातली असत. "हाक मारली की शेजाऱ्यांना भूक लागली पाहिजे," हे त्यामागचं कारण. मी कौतुकाने भिंतीकडे बोट केलं आणि विचारलं, "ह्यातली ही कुठली?"

"ही नाही ह्यात," बाई म्हणाल्या. "ही अजून खाली आहे."

नंतर हळूहळू कळलं. आपल्या घरांत हॉलच्या भिंतीवर फोटो कोणाचे असतात? गेलेल्यांचे. सासरे, आजेसासूबाई, चंदनाचा हार, छोटा लाल बल्ब. बाईंनी तीच रीत मांजरांना लावली होती. मांजर गेलं की त्याच्यासारखं मांजर जपानी चित्रांतून शोधायचं, फ्रेम करायचं, आणि ते जिथे बसायचं त्याच जागी, त्याच उंचीवर लावायचं. बेसन फ्रिजवर बसायचा म्हणून छताजवळ. चकली दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांवर पंजा मारायची म्हणून चपलांपाशी. हार तेवढे नव्हते. "हार ह्या खाऊन टाकतील," बाई म्हणायच्या.

जिवंत मांजराचा फोटो मात्र कोणी काढायचा नाही. मी एकदा मोबाईल वर केला, तर त्यांनी सरळ कॅमेऱ्यावर हात ठेवला.

"फोटो गेल्यावर."

"अहो बाई, माझा मोबाईल बघा, जिवंत माणसांच्या फोटोंनी भरलाय."

"म्हणूनच तुला कुणाची आठवण येत नाही."



एवढी जपानी चित्रं त्यांच्याकडे आली कुठून, हा प्रश्न सगळेच विचारत. बाई कधी जपानला गेल्या नव्हत्या. जायची इच्छाही नव्हती. तिथे रस्त्यात मांजरं फार नसतात असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. अंधेरीला एमआयडीसीत एका जपानी कंपनीच्या ऑफिसात त्यांनी जन्मभर नोकरी केली. दर डिसेंबरला तिकडून कॅलेंडरांचा गठ्ठा यायचा. जाड कागद, वर लाकडी ठशांच्या जुन्या चित्रांच्या छापील नकला, खाली तारखा. इतर लोक नवं कॅलेंडर मिळवायला धडपडायचे. बाई जानेवारीत प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन संपलेलं मागायच्या. तारखांची पट्टी कात्रीने कापायची, चित्र मलमलमध्ये गुंडाळून लोखंडी ट्रंकेत. रिटायर झाल्यावरही शिपायाकडून निरोप यायचा की तुमची कॅलेंडरं ठेवली आहेत, आणि बाई रिक्षा करून अंधेरीला जायच्या.

चित्र निवडण्याचं काम मी प्रत्यक्ष पाहिलं ते अनारसा गेला तेव्हा. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर ट्रंकेतली मांजरं पसरलेली, आणि बाई मध्ये मांडी घालून. मी मदतीला बसले. माझी पद्धत सरळ. रंग जुळतो का, डोळे जुळतात का, वय जुळतं का. अर्ध्या तासात मी एक राखाडी बोका काढून त्यांच्यापुढे ठेवला. हुबेहूब अनारसा.

"चेहरा सोड गं," बाई म्हणाल्या. "माणूस चेहऱ्याने ओळखतात. मांजर पाठीने ओळखायचं. हा बोका बघ, कोणीतरी हाक मारेल म्हणून बसलाय. अनारसा असा कुणासाठी कधी बसला?"

मग मी पाठ बघायला शिकले. सतरंजी दिवसेंदिवस तशीच राहिली, आम्ही कडेकडेने चालायचो. फ्रेमवाला दोनदा विचारून गेला. शेवटी सापडलेलं चित्र मी पहिल्याच दिवशी बाजूला टाकलं होतं, कारण त्यातलं मांजर पिवळट होतं. पण ते एका मोठ्या माठाच्या मागे अर्धवट दिसत होतं, आणि दिसणारं अर्धं अंग असं काही रागावलेलं होतं की मीच म्हणाले, "हा!" बाईंनी मान हलवली. मला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

त्यांच्या ह्या नादाची कीर्ती थोडी पसरली होती. माझ्या ऑफिसातल्या एकीच्या मुलीचं लग्न झालं, घाटकोपरला नवीन फ्लॅट घेतला. मुलगी मांजरवेडी. तिला हॉलमध्ये जपानी चित्रं लावायची होती, मांजरांचीच, सोफ्याच्या मागे ओळीने. इंटरनेटवर हजार दिसतात, त्यातली कुठली घ्यावी कळेना. मी तिला बाईंकडे नेलं. मुलगी मोबाईलवर चित्रं दाखवत बसली. बाईंनी सगळी बघितली आणि विचारलं,

"किती गेली?"

"कोण आंटी?"

"मांजरं. तुझी."

"नाही ना आंटी, एकच आहे. लहान आहे अजून. एकदम क्यूट."

"मग भिंतीची घाई काय तुला?"

मुलीचा चेहरा पडला. बाईंना ते दिसलं असावं, कारण त्या उठल्या आणि ट्रंकेच्या तळातून एक चित्र काढून आणलं. त्यात मांजर नव्हतं. बर्फ पडलेला, एक रिकामी होडी काठाला बांधलेली, लांब कुठे एक उजेड.

"हे लाव. तुला नाही, तिला बघायला. खाली लाव, ती बसते त्याच्यासमोर. मांजराच्या घरात चित्र शांत पाहिजे. गडबड करायला मांजर आहेच. आणि हो, पक्षी नको. काच फुटेल."

"आणि मासा?" मुलीने गमतीने विचारलं.

"मासा चालेल. चित्रातला मासा मांजराला कळतो. ते बघतसुद्धा नाही तिकडे."

मुलगी ते चित्र घेऊन गेली. सोफ्यामागे काय लावलं मला माहीत नाही, पण बर्फाची होडी तिने खरंच जमिनीलगत लावली आणि तिचं मांजर तासन्‌तास तिच्यासमोर बसतं, असं तिच्या आईने सांगितलं.

बाईंना मूल नव्हतं. भावाचा मुलगा होता, पुण्यात नोकरी करणारा, आत्यावर जीव असलेला. कंपनीच्या कामाने तो जपानला गेला तेव्हा बाईंनी त्याला काही आणायला सांगितलं नाही. त्याने स्वतःहून आणलं. पातळ कागदात गुंडाळलेलं, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवलेलं खरंखुरं ठशाचं चित्र. कॅलेंडरचं पान नव्हे.

बाईंनी हात धुतले, पुसले, पुन्हा पदराला पुसले. मग कागद उघडून चित्र आधी उलटं केलं. मागून बघितलं. रंग कागदात मुरून मागे पाझरले होते, हाताने घासून दाबल्याच्या गोल खुणा दिसत होत्या. त्या खुणांवरून त्यांनी बोट फिरवलं, पण टेकवलं नाही. जन्मभर त्यांनी छापाचा छाप पाहिला होता. माणसाने हाताने उमटवलेला कागद पहिल्यांदाच हातात आला होता. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी चित्र सुलट केलं.

लाकडी पडवी, भिंतीला टेकवलेली मिटलेली छत्री, मागे नदी. पडवीच्या कडेला एक मांजर आपल्याकडे पाठ करून बसलेली. पांढरी. पाठीवर तांबूस ठिगळ, उजव्या कानावर काळा डाग, शेपूट आखूड, टोकाशी मुडपलेली.

"आत्या, करंजी!" भाचा आनंदाने म्हणाला. "दुकानात बघितलं आणि उडालोच मी. बोल, कुठे लावू? हातोडी आण." आणि त्याला हातोडी कुठे असते हे माहीत होतं, त्याने ती घेतलीसुद्धा.

बाईंनी त्याच्या हातातून हातोडी अक्षरशः ओढून घेतली. "अरे मेल्या, जिवंत आहे ती!"

करंजी खिडकीत बसून पाय चाटत होती. भाचा कधी तिच्याकडे बघे, कधी आत्याकडे. मी त्याला स्वयंपाकघरात नेलं, चहा टाकला आणि रीत समजावून सांगितली. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "म्हणजे मी तिचा मृत्यूचा दाखला घेऊन आलो?"

चित्र कपाटात गेलं, साड्यांच्या खाली. बाई कधीकधी ते काढायच्या, मागची बाजू बघायच्या, सुलट न करता परत ठेवायच्या. आयुष्यात मिळालेलं एकमेव खरं चित्र, आणि ते भिंतीवर येऊ नये म्हणून त्या करंजीला हळदीचं दूध आणि जनावरांच्या डॉक्टरांचं टॉनिक पाजत होत्या.

मग आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये जो तो वरचा मजला मागत होता. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला तळमजला."

"बाई, तळमजल्यावर पार्किंग आहे," सेक्रेटरी म्हणाले. "खालचे सगळे मजले पार्किंगचे."

"गाड्यांना कशाला तळमजला? त्या कुठे खिडकीतून येतात?"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. नवी बिल्डिंग होईपर्यंत राहायला भाड्याचं घर शोधायचं होतं, आणि मांजर म्हटलं की एजंट फोन ठेवत होते. शेवटी एका मालकाने हो म्हटलं. सातवा मजला, सगळीकडे जाळ्या, दार उघडलं की लिफ्ट. बाई घर बघून आल्या आणि माझ्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"जिला रस्त्याची सवय, ती सातव्या मजल्यावर काय करणार गं? कावळ्यांच्या पाठी मोजणार?"

"सवय होते बाई. माणसांना होते."

"माणसांना कशाचीही होते."

मी सामानाच्या याद्या करत होते, त्यांच्याही आणि माझ्याही. खोकी आली, चिकटपट्ट्या आल्या, भिंतीवरची चित्रं उतरून चादरींत गेली. आणि करंजी नाहीशी झाली. एका संध्याकाळी खिडकीतून गेली ती आली नाही.

चाव्या द्यायची तारीख ठरलेली. त्यानंतर कंपाउंडाला पत्रे लागणार, आणि ती परत आली तरी कुठे येणार? आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. मी म्हणाले, पोस्टर लावू. फोटो द्या. म्हटलं आणि जीभ चावली. करंजीचा फोटो नव्हता. कुठेच नव्हता. एवढी वर्षं कुणाला काढूच दिला नव्हता.

 बाई उठून कपाटापाशी गेल्या.

स्टेशन रोडवरच्या झेरॉक्सवाल्याने चित्र काचेवर ठेवण्याआधी दोनदा विचारलं, "मॅडम, ये तो पेंटिंग है. बिल्ली का फोटो किधर है?"

"हीच बिल्ली," बाई म्हणाल्या. "कलर काढ. आणि हात धुतलेस का?"

मजकूर मी लिहिला होता, थोडक्यात: हरवली आहे, नाव, फोन नंबर. बाईंनी खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली. "अशीच दिसते. छत्री आणि नदी आमची नाही."

मेडिकलच्या दारावर, गिरणीच्या खांबावर, दूध केंद्रावर, सगळीकडे पडवीवर बसलेली जपानी करंजी झळकली. फोनही आले. एकाने विचारलं, प्रदर्शन कुठे आहे? एकाने चित्रकलेच्या क्लासची फी विचारली. एक बाई म्हणाल्या, मांजर नाही पाहिलं पण अशी छत्री पाहिली आहे. बाई प्रत्येक फोनला उभ्या राहून बोलत. रात्री खिडकीशी वाटी ठेवत, सकाळी मुंग्या झटकून धूत. "मेली असेल तर असो," त्या एकदा म्हणाल्या. "पण कुठे बसायला जागा मिळाली का, एवढं कळायला हवं."

चाव्या द्यायच्या आदल्या दिवशी बाजारामागच्या गल्लीतून एका बाईचा फोन आला. "पोस्टरावरचां मांजर आमच्याकडे आसा. येवन बघा."

आम्ही गेलो. बैठं घर, पुढे थोडं अंगण, तुळस, धुण्याचा दगड, दार सताड उघडं. कोकणातलं म्हातारं जोडपं. आजोबा खुर्चीत, पाय पुढे स्टुलावर, आणि पायांवर करंजी गाढ झोपलेली. थोडी अंगात भरलेली.

"इतक्या दिवसांत ह्या माणसान पाय हलवूक नाय," आजी म्हणाल्या. "पाणीसुद्धा माकाच आणूक सांगता."

"पाय झोपलो गे माजो," आजोबा करवादले. "पण तिका उठवतलो कोण? तू उठव."

"रात्री खिडकी बंद करता?" बाईंनी विचारलं.

"खिडकी कसली? दारच उघडां आसता गरमीत. ती येता, जाता. तिची मर्जी."

बाई स्टुलापाशी खाली बसल्या. हात लावला नाही. पाठ बघत राहिल्या. करंजीने एक डोळा उघडला, बाईंकडे बघून सावकाश मिटला, हनुवटी आजोबांच्या घोट्यावर नीट टेकवली. मुडपलेल्या शेपटीचं टोक एकदा हललं. अंगणातून एक चिमणी उडाली, तिकडे तिने लक्षही दिलं नाही.

बाई गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या.

"नाही हो. ही आमची नव्हे. आमचीचा डाग डाव्या कानावर."

मी तोंड उघडलं. बाईंनी माझं मनगट धरलं, असं धरलं की बांगड्या रुतल्या. आजींच्या हातात आमचंच पोस्टर होतं. त्यांनी पोस्टरवरच्या कानाकडे पाहिलं, मांजरीच्या कानाकडे पाहिलं, मग बाईंकडे. आणि पोस्टरची घडी घालून कनवटीला खोचली.

"बसा, चाय घेतल्यात मा?" त्या म्हणाल्या.

आम्ही चहा घेतला. बाईंनी त्यांना जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर दिला, पावसात हिला खोकला होतो, म्हणजे अशा तिरंगी मांजरींना होतो, असं सांगितलं. आजी सगळं ऐकून घेत होत्या. परतताना बाईंनी वाटेतलं प्रत्येक पोस्टर स्वतः काढलं, खांबावरचं नखाने खरवडून काढलं.  वाटभर त्या भाजीच्या भावांबद्दल बोलत राहिल्या.

सातव्या मजल्यावर घर लावायला भाचा पुण्याहून आला. फ्रिज जागेवर गेला, बेसन त्याच्यावर छताशी गेला. चपलांचा स्टँड दाराशी, तिथे चकली. माठामागचा रागीट अनारसा बाल्कनीच्या कोपऱ्यात. भाच्याने सगळे खिळे नीट मारले. मग सगळ्यात शेवटी त्याने कपाटातून ते दोन पुठ्ठे काढून आणले. करंजी सापडली नाही एवढंच त्याला माहीत होतं. तो आत्याजवळ बसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आत्या, आता हे लावूया का? खिडकीपाशी, तुझ्या समोर?"

बाईंनी चित्र घेतलं. कागद दमटला नाही ना, ते मागून तपासलं. पुन्हा गुंडाळलं, कपाट उघडलं आणि साड्यांच्या खाली सरकवलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याला अजून अवकाश आहे."

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याच्या कड्या दांडीत ओवत होते. ओवत राहिले.